घरटी एक वाटा

घाटावर धरण झालं, आमचं गाव पाण्याखाली गेलं आणि सरकारनं आम्हाला महाड-पोलादपूर रस्त्यालगतच्या एका माळावर आणून टाकलं. आजूबाजूचे लोक आम्हाला ‘धरणवाले’ म्हणायचे, जसं काही धरण आम्हीच बांधलं होतं! भांडीकुंडी, देव आणि माझ्या आईचा खोकला एवढं आमच्याबरोबर घाट उतरलं.

महाडच्या दवाखान्यात सांगितलं, क्षय आहे, वर्षभर तरी गोळ्या घ्यायच्या आणि खंड पडू द्यायचा नाही. म्हणजे दर आठवड्याला पायपीट. छातीचा भाता झालेल्या बाईनं चालायचं तरी किती? मग कुणा शहाण्याच्या डोक्यातून सुधारणा निघाली. धरणवाल्यांच्या जुनाट दुखण्यांवरचं औषध आता त्यांच्या दारात. महिन्यातून एकदा जीप येणार, डॉक्टर गोळ्यांचा डबा वस्तीच्या पुढाऱ्याकडे देणार आणि पुढारी त्या आजाऱ्यांना देणार. ऐकायला झकास. पण पुढारी कोण, कसा, हे कळायला जीपमधून खाली उतरावं लागतं, आणि डॉक्टरसाहेबांच्या बुटांना आमचा चिखल सोसत नव्हता. त्यांनी बसल्या जागेवरून डबा माझ्या चुलत्याच्या हातात दिला आणि गाडी वळवली.

चुलता गावकीचा मुख्य. त्याचा न्याय एकच, गावावर जे येईल ते घरटी सारखं. शिकारीचं डुक्कर असो, देवाचा बकरा असो, सरकारी घोंगड्या असोत, सगळ्याचे वाटे पडायचे. त्यानं देवापुढे पळसाची पानं मांडली आणि माझ्या आईच्या गोळ्यांचे वाटे घातले.

आई म्हणाली, “भावजी, माझं औषध हाय ते.”

“गावाचं आलंय, वैनी. तुला एकटीला दिलं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील.”

घालायला हवं होतं. कुणी घातलं नाही. एकानं आपला वाटा लंगड्या बैलाला चारला. एकीनं मुंबईच्या मुलासाठी ठेवला, शिमग्याला आला की खाईल म्हणून. तो मुलगा रेड्यासारखा धट्टाकट्टा होता. मी सूप घेऊन दारोदार फिरले, जोगवा मागावा तशी. थोड्यांनी दिलं. बाकीच्यांनी विचारलं, आमचा वाटा आम्ही का द्यायचा? जमलं ते आईला चार दिवस पुरलं नाही.

महाडला गेले, तर तिथे उत्तर मिळालं की तुमचं औषध वस्तीवर जातं, इथे मागू नका. दार एक होतं तेही सुधारणेनं बंद केलं.

पुढच्या महिन्यात जीप आली तेव्हा मी आडवी उभी राहिले आणि डॉक्टरला सगळं सांगितलं. त्यानं चुलत्याला विचारलं, कुणाला मिळालं नाही असं आहे का? चुलता छाती काढून म्हणाला, एक घर सुटलं नाय. डॉक्टर खूश झाला. मला म्हणाला, मुली, घरोघर औषध पोचलंय, आणखी काय पाहिजे? अशा दीडशहाण्याला कुणी डॉक्टर केलं देव जाणे. मला त्याचा राग आला होता आणि अजून आहे.

महिन्यामागून महिने डबा येत राहिला, वाटे पडत राहिले. आईच्या थुंकीतून रक्त पडायला लागलं तेव्हाही तिच्या पानावर इतरांइतक्याच गोळ्या होत्या. शिमग्याच्या आधी ती गेली.

आमच्यात मयत झालं की घरटी एक लाकूड द्यायची रीत आहे. चुलता स्वतः दारोदार हाक घालत फिरला. लंगड्या बैलवाल्यानं दिलं, मुंबईच्या मुलाच्या आईनंही दिलं. कुणी कां-कूं केलं नाही. सरण छातीएवढं झालं.

चुलत्यानं लाकडांवर नजर फिरवली आणि विचारलं, “कुणाचा वाटा राह्यला नाय ना?”

मी म्हटलं, “नाय, काका. या खेपेला समदे वाटे तिलाच मिळाले.”