ताईसाठी विणलेली मऊ लोकर

मैत्रिणींनो, अल्पाका मिश्रणाच्या बारीक, मऊ लोकरीचं काय विणू, असं मी मागे इथं विचारलं होतं. तुम्ही शाल, कानटोपी, बाळाचे मोजे असं बरंच सुचवलं. मी त्यातलं काहीच केलं नाही.

माझी मोठी बहीण अड्याळच्या बाजारात भाजी विकते. कॅन्सरमुळे तिचा डावा स्तन काढला. तेव्हापासून ती ब्लाउजमध्ये जुन्या लुगड्याची घडी भरते. वजन करायला वाकली की घडी सरकते आणि समोरचं गिऱ्हाईक नजर फिरवतं.

म्हणून मी तिच्यासाठी लोकरीचा स्तन विणला. बारीक सुयांवर गोल विणून आत कापूस भरला. आज सकाळी तो घेऊन तिच्याकडे गेले.

ताई आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. "टोचत नाही वं अजिबात," ती म्हणाली. मला फार बरं वाटलं.

मग तिनं विचारलं, "लोकर उरली का?"

"एक गुंडा आहे. काहून?"

"मंग उजवाबी विणून ठेव. त्या बाजूलेबी गाठ निघाली. डॉक्टर म्हणते, काढाच लागन."

हे तिला आठ दिवसांपासून माहीत होतं. घरात ती कोणालाच बोलली नव्हती.

"विणतो," म्हणून मी परत आले. दुपारपासून सुया हातात धरून बसले आहे, एक टाकाही घातलेला नाही.

तुमच्यापैकी कोणी आपल्या माणसासाठी असं काही विणलंय का? पहिला टाका कसा घातलात, तेवढंच सांगा.