पहिल्या फोटोत मान जागेवर होती

माझी मान गाडीने मोडली नाही. गाडीने तिला फक्त तडा दिला. मोडली सासूबाईंनी.

न्यू टाउनला ऑफिससमोरच्या वळणावर एका गाडीने मला उडवलं. रुग्णालयात नेलं तेव्हा मी शुद्धीत होते, हातपाय हलत होते, तोंडाचा पट्टाही चालू होता. डमडमच्या घरून सासूबाई धावत आल्या. नवरा बजबजच्या तेल डेपोत अधिकारी. त्याला पोचायला वेळ लागणार होता.

तिथे नवं यंत्र होतं. माणसाला उताणं झोपवायचं, वरचा अवजड दांडा डोक्यापासून पायापर्यंत सरकतो आणि काही सेकंदांत अख्ख्या अंगाचा एक्स-रे निघतो. त्याआधी नर्सने माझं मंगळसूत्र काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. तिच्याही मनगटात बंगाली सवाष्णीची शंखाची बांगडी होती. "मासिमा, सँभालके रखिए," ती सासूबाईंना अदबीने म्हणाली. त्यांनी पिशवी निखारा धरावा तशी धरली.

फोटो लगेच पडद्यावर आला. दोन बरगड्या गेलेल्या, पाय शाबूत. मानेच्या एका मणक्याला तडा होता, पण मणका जागेवर होता आणि हातपाय हलत होते, म्हणजे आतल्या मज्जारज्जूला धक्का नव्हता. "नशीब चांगलं आहे. मात्र मान जराही हलू द्यायची नाही," डॉक्टरांनी सासूबाईंना हिंदीत दोनदा बजावलं. मानेला कडक पट्टा बांधला आणि पुढच्या तपासणीला नंबर लागेपर्यंत मला पडद्याआड ठेवलं. नर्स दुसऱ्या रुग्णाकडे गेली.

सासूबाई माझ्या गळ्याकडे बघत होत्या. माझ्याकडे नाही.

"तो अजून रस्त्यात आहे," त्या म्हणाल्या, "आणि तुझा गळा हा असा ओका."

"आई, नको. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना?"

"त्यांना काय कळतंय त्यातलं? तू पडून राहा, मी घालते."

पट्टा चर्रकन उघडला. त्यांनी डोक्याखाली हात घालून, उशी उचलावी तसं माझं डोकं वर उचललं. मी किंचाळले. मानेतून पायापर्यंत वीज गेली आणि पाय नाहीसे झाले, मग हात. त्यांनी सावकाश मंगळसूत्र घातलं, वाट्या सरळ केल्या, पट्टा परत चिकटवला. "झालं हो," म्हणाल्या. नर्स धावत आली तोवर खरंच सगळं झालं होतं.

नवरा सुखरूप पोचला. दुसऱ्या फोटोत मणका सरकलेला होता. मी त्याला घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. आईच्या शेजारी उभा राहून त्याने विचारलं, "तुला तेव्हा नीट शुद्ध होती का?"

आता भेटायला येणाऱ्या मराठी मंडळींना तो सांगतो, "एवढ्या घाईत काढलेल्या फोटोत काय दिसणार? पहिल्यांदा डॉक्टरांना कळलंच नाही." चोर सोडून संन्याशाला फाशी. सासूबाई उसासा टाकतात.

मला दोघांचाही तिटकारा आहे आणि तो मी तोंडावर बोलून दाखवते. सासूबाई रागावत नाहीत. आजारी माणसाचं मनावर घेऊ नये, म्हणतात. मग वरणभात कालवून आणतात, माझ्या उशाशी बसतात आणि चमचा पुढे करतात.

"तोंड उघड."

भूक लागलेली असते. मी उघडते.