बादलीभर वाळू आणि चॉकलेटची बिस्किटं

आमच्या व्याह्यांच्या मते या जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत: पेटलेल्या आणि अजून न पेटलेल्या. उभा जन्म त्यांनी अग्निशामक दलात काढला. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींचे कारखाने किती आणि त्यांतले कुठले कधी पेटले होते, हे त्यांना लोकांना नातवंडांची नावं पाठ असावीत तसं पाठ आहे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या डोक्यात एक बंब अजून इंजिन चालू ठेवून उभा आहे. फोन उचलला की ते ‘हॅलो’ म्हणत नाहीत, ‘पत्ता सांगा’ म्हणतात. माझ्या मुलीच्या लग्नात होम चालू असताना वराचे वडील भटजींच्या पाठीमागे पाण्याची कळशी घेऊन उभे होते, आणि भटजींनी तुपाची पळी जरा सढळ हातानं सोडली तेव्हा मंत्रांच्या मधोमध ‘बास की आता’ असा एक दबका आवाज आला होता, तो लग्नाच्या व्हिडिओत अजून ऐकू येतो.

सोयरीक जुळल्यापासून रोज सकाळी त्यांचा मला फोन. ‘व्याही, गॅस बंद आहे ना?’ आहे म्हटलं तरी भागायचं नाही, ‘बघून या’ म्हणायचे. ते पडले मुलाकडचे, नाही कसं म्हणणार? मी खुर्चीत बसल्या बसल्याच पाय आपटून चालल्याचा आवाज काढायचो, जरा थांबायचो, पुन्हा पाय आपटायचो आणि ‘बंद आहे’ म्हणून सांगायचो. एकदा कंटाळून पाय कमी आपटले तर पलीकडून शांतपणे विचारणा झाली, ‘व्याही, तुमचं स्वयंपाकघर आज जरा जवळ आलंय का?’ त्या दिवसापासून मी खरंच उठून जायला लागलो.

त्यांच्या काळजीचा पारा त्यांच्या बोलण्यावरून कळतो. मूळ गाव मंद्रूप, कानडी मुलखाच्या वेशीवरचं. सगळं ठीक असलं की शहरी ‘आहे-नाही’ चालू असतं. काळजी चढली की त्याचं ‘हाय-न्हाय’ होतं. आणि अगदी टोकाला गेली की कानडी सुरू होते. कानडी सुरू झाली की आम्ही चपला शोधतो.

त्यांचा एकुलता एक मुलगा म्हणजे आमचे जावई. पुण्यात नोकरी, स्वभावानं लोणी. लहानपणी डावा कान सतत वाहायचा, त्यामुळे त्या कानानं त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. मुलगी बघायला आले तेव्हा मी नेमका त्यांच्या डाव्या बाजूला बसलो आणि चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला माणूस पर्जन्यछायेच्या प्रदेशावर जेवढं बोलू शकेल तेवढं बोललो. ते हसत हसत मान डोलवत राहिले. रात्री मी आमच्या हिला म्हटलं, असा नम्र मुलगा मी पाहिला नाही, एका शब्दानं आडवा आला नाही. माझ्याकडून ते स्थळ पसंत पडण्याचं मुख्य कारण तेच. विहीणबाई मात्र त्याआधीच गेल्या होत्या. व्याही घरात एकटे, आणि एकटा माणूस स्वतःची काळजी किती वेळ करणार? उरलेली सगळी काळजी ते आमच्याकडे पाठवून द्यायचे.

मागच्या वर्षी लेक बाळंतपणाला माहेरी आली आणि काळजीला खरंखुरं कारण मिळालं. आधी एकदा आशा लागून मोडली होती, त्यामुळे या खेपेला घरात कुणी मोठ्यानं हसतसुद्धा नव्हतं. त्यात तिला अन्न जाईना. भात समोर आला की मोरीकडे धावायची, भाकरीचा वास नको, दूध नको. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाचं वजन वाढत नाहीये, ती मागेल ते द्या पण पोटात टिकलं पाहिजे. ती काही मागतच नव्हती. मग एका दुपारी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, ‘अप्पा, चॉकलेटच्या कुकीज खाव्याशा वाटतायत. घरी केलेल्या. आत फळांचे तुकडे असतात त्या.’ मी उड्या मारत दुकानात गेलो आणि मिळतील तेवढे पुडे घेऊन आलो. तिनं एकेक पुडा फोडला, हुंगला आणि बाजूला सारला.

ही बातमी व्याह्यांना कळायला वेळ लागला नाही. ‘वर्दी मिळाली,’ म्हणत ते स्कूटरवरून आले. मागच्या सीटला दोरीनं बांधलेली वाळूची लाल बादली होती. ही बादली ते कुठंही घेऊन जातात, बारशालासुद्धा. खाली बसायच्या आधीच म्हणाले, ‘व्याही, डोहाळे पुरे झालेच पाहिजेत. न्हायतर लेकराचा कान फुटतो.’ मी हसलो. म्हटलं, ‘अहो, जिभेला काय हवं ते कानाला कसं कळणार?’ ते हसले नाहीत. मला वाटलं, विनोद कळला नसेल. आयुष्यभर वर्गासमोर विनोद केलेल्या माणसाला त्याची सवय असते.

आधी फळांची निवड झाली. तिला एखादी परीक्षा म्हटलं तरी चालेल. पपई तर घराच्या फाटकातच नापास. अननस उष्ण. खजूर उष्ण. सफरचंद वातूळ असल्याचं व्याह्यांना कुणीतरी सांगितलेलं. बोरं आंबट, आणि बी राहिली तर दात जायचा. अंजिरावर आम्ही दोघं एकमत होणार, एवढ्यात त्यांना त्यातल्या बारीक बिया आठवल्या. शेवटी बेदाणा आणि डाळिंब एवढी दोनच पास झाली, आणि डाळिंब सोलायचं काम माझ्याकडे आलं. ते मी सदऱ्यावर केलं, एवढंच सांगतो.

ओव्हन आमच्याकडे होता. लेकीनं कधीतरी हौसेनं घेतलेला. ओव्हन आधी रिकामा तापवून घ्यायचा असतो, हे मी मोबाइलवर पाहिलं होतं. तो मी मोठ्या आत्मविश्वासानं चालू केला. त्यातला ‘रिकामा’ हा शब्द माझ्या लक्षातून गेला. आमची ही गेली काही वर्षं त्या ओव्हनमध्ये उडदाचे पापड ठेवत होती. आधी छान वास आला. मग धूर आला. मग व्याही आले. त्या वयात मी माणसाला इतकं चपळ पाहिलेलं नाही. मेन स्विच खाली, खिडक्या उघड्या, ओलं गोणपाट माझ्या अंगावर आणि अख्खी बादली वाळू ओव्हनमध्ये. तोंडानं अखंड कानडी. धूर निवल्यावर आमची ही दारात येऊन एवढंच म्हणाली, ‘पापड होते, भाऊ. गोदाम नव्हतं.’

ते त्यांच्या मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी आले ते हात मागं बांधून. म्हणाले, ‘आज मी कशाला हात लावणार नाही. घर तुमचं, हुकूम तुमचा.’ ओव्हन तर गेला होता. पण आमच्या हिची आई कुकरमध्ये तळाला वाळू घालून, शिट्टी काढून नानकटाई करायची. वाळू तयारच होती, ओव्हनमधूनच काढली. कणीक, लोणी, कोको, बेदाणे, डाळिंबाचे दाणे, सगळं कालवून मी चपटे गोळे थाळीत ठेवले. आम्ही दोघं कुकरसमोर स्टुलांवर बसलो. जरा वेळानं मी म्हटलं, ‘बघायचं का उघडून?’ ते म्हणाले, ‘तुम्ही म्हणाल तसं.’ आता व्याह्यांच्या देखत मी आपली घाई कशी दाखवणार? मी म्हटलं, ‘छे, तुम्ही म्हणाल तसं.’ पुन्हा काही वेळानं त्यांच्या नाकपुड्या थरथरायला लागल्या. त्यांना वास आला होता, मलाही आला होता. ‘काय म्हणता व्याही?’ ‘मी काय म्हणणार, तुमी सांगा की.’ मुलाकडच्यांनी मान राखला, मुलीकडच्यांनी मान राखला, आणि मधल्या मध्ये बिस्किटांचा कोळसा झाला. झाकण उघडलं तेव्हा आतून जे निघालं त्यानं लोखंडी तवा घासता आला असता. आतल्या खोलीतून लेकीनं विचारलं, ‘झाल्या का?’ आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांनाही उत्तर द्यायचा मान दुसऱ्याला द्यायचा होता.

त्या दिवशी तिच्या पोटात पेजेचे चार घोटसुद्धा राहिले नाहीत. संध्याकाळी व्याही ओट्याशी उभे राहून गॅसचं बटण पुन्हा पुन्हा पिळत होते. मी म्हटलं, ‘भट्टीवर नेऊ या का?’ दिवाळीच्या आधी सोलापुरात बायका घरचं पीठ-तूप घेऊन बेकरीच्या भट्टीवर नानकटाई भाजून आणतात. दिवाळी नसली म्हणून काय झालं? व्याह्यांचा हात बटणावरच थांबला. मला वाटलं, कारण मला ठाऊक आहे. आमच्या भागात भट्टी एकच, आणि तिच्या धुराड्यावर नोकरीत असताना यांनीच एकदा नोटीस काढायला लावली होती. ‘जाऊ या,’ ते शेवटी म्हणाले, पण असं, जसं काही मी त्यांना आगीत शिरायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पाव निघून गेल्यावर, आम्ही डबा घेऊन गेलो. भट्टीवाले चाचा दारातच होते. त्यांनी ओळखलं. ‘आव साब, चिमनी देखने आए क्या परत?’

‘न्हाय,’ व्याही म्हणाले. ‘बिस्किटं भाजायची हायती. सूनबाईला पायजेत.’

‘आन बादली?’

‘ती माझ्यासाठी हाय.’

चाचांनी गोळे पत्र्यावर मांडले, लांब दांड्यानं पत्रा आत सरकवला आणि आम्हाला बाकावर बसवलं. व्याही बादली घेऊन उभेच. चाचा म्हणाले, ‘बसा साब, तुमी असं हुबं राहिलात तर माझं पाव फुगायचं न्हाई.’ तेव्हा कुठं ते बसले. समोर भट्टीचं तोंड लाल. आयुष्यात पहिल्यांदा आगीपुढं काहीही न करता बसायची पाळी त्यांच्यावर आली होती. त्यांचे हात बादलीच्या कडीवर होते.

मी त्यांना हसवावं म्हणून म्हटलं, ‘आता कानाला धोका नाही बरं का.’

भट्टीकडे बघतच ते म्हणाले, ‘पोराच्या वेळी त्याच्या आईला इथलीच नानकटाई पाहिजे होती. मी म्हटलं, ड्यूटीवरून येताना आणतो. त्या दिवशी सुताचं गोदाम पेटलं. घरी आलो, हातपाय धुतले, झोपलो. मग रोज उद्या, रोज उद्या. नंतर तिनं मागायचं सोडून दिलं.’

मी मास्तर माणूस, चुकीचं दिसलं की दुरुस्त करतो. म्हटलं, ‘व्याही, कान आणि नानकटाईचा काही संबंध नसतो. कुठलाही डॉक्टर सांगेल.’

‘सांगितलं की डॉक्टरनं,’ ते म्हणाले. ‘मला पटतंय पण. फक्त एवढंच, की भट्टी माझ्या रस्त्यातच होती.’

चाचांनी पत्रा ओढला. तुम्ही म्हणाल तसं म्हणायची आमच्यावर वेळच आली नाही. बिस्किटं चांगलीच झाली होती. आकार ओबडधोबड, एकदोन ठिकाणी डाळिंबाचा दाणा फुटून लाल डाग पडलेला, पण वास असा की व्याह्यांनी मान वळवून डोळे पुसले आणि ‘धूर लई हाय’ म्हणाले. चाचांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, पोरगी सुटली की पेढे आणा, आणि बादली घरी ठेवून या.

घरी डबा लेकीच्या उशाशी ठेवला. व्याही तिच्या खोलीत शिरलेच नाहीत. आपली नजर लागेल म्हणाले. तिनं एक बिस्किट हुंगलं. बाजूला सारलं नाही. एक घास खाल्ला, मग दुसरा. मग म्हणाली, ‘अप्पा, तुम्ही बाहेर बसा बघू, असं तोंडाकडं बघू नका.’ आम्ही तिघं म्हातारी माणसं बाहेर ओळीनं बसलो. तिघांचेही कान मोरीकडे. आता ती उठेल, आता पावलं वाजतील, आता नळ सुटेल. रस्त्यावरून भाजीवाली ओरडत गेली तर व्याह्यांनी तिला हातानंच गप्प केलं. बराच वेळ आत काहीच आवाज नाही. मग एक आवाज आला. डब्याचं झाकण पुन्हा उघडल्याचा.

आमच्या हिनं पदर डोळ्यांना लावला. व्याही उठले, स्वयंपाकघरात गेले, गॅसचं बटण बघून आले, आणि पुन्हा आमच्याजवळ येऊन बसले.

त्यानंतर ती अन्नाला लागली. आठवड्याभरानं कुकीजचं नाव काढलं तर तिला ढेकर यायचा, पण तोवर भाकरी सुरू झाली होती. नात झाली. सगळं नीट झालं. चाचांकडे पेढे गेले, बादली गेली नाही. पुढं लेक पुण्याला निघाली तेव्हा व्याहीही त्यांच्याबरोबर गेले, पाळण्याजवळ कुणीतरी जाणतं माणूस पाहिजे म्हणून. सोलापुरातलं त्यांचं घर बंद आहे. दारावरून जाताना मी कुलूप ओढून बघतो आणि मग माझं मलाच हसू येतं.

फोन मात्र अजून रोज सकाळी येतो. पण आता ते मला काही विचारत नाहीत. सरळ फोन नातीच्या डाव्या कानाला लावतात. मी काहीतरी बोलतो. मास्तरला विषय लागत नाही, पर्जन्यछायेचा प्रदेश म्हटलं तरी पोरगी खिदळते. मग पलीकडून व्याह्यांचा आवाज येतो, एकच शब्द. ‘ऐकतेय.’ आणि फोन बंद होतो. गॅसचं विचारायचं त्यांच्या आता ध्यानातच राहत नाही. मी थोडा वेळ फोन हातात धरून बसतो, आणि मग उठून स्वयंपाकघरात जाऊन बघून येतो.