धाकटीचा आवाज

केबलच्या पाठोपाठ आमच्या पाटोद्याच्या शाळेत कॉम्प्युटर आला, आणि त्याला आम्हा पोरांपेक्षा जास्त मान मिळाला. त्याला पंखा, त्याला पडदा. आम्ही चपला बाहेर काढून आत जायचं. त्याच वर्षी पुण्याहून एक बाई आल्या. खेड्यातली पोरं कॉम्प्युटरपुढं बसली की काय करतात, यावर त्यांचा अभ्यास होता. त्यांनी एकेकाला कॉम्प्युटरला जोडलेल्या माईकपुढं बसवलं आणि मनाला येईल ते बोला म्हणाल्या. एरवी कुणाला न ऐकणारी मी, तिथं माझी दातखीळ बसली. पहिलीतली माझी धाकटी बहीण मात्र आमचे अप्पा किराणा दुकानात गिऱ्हाइकाशी कसे बोलतात त्याची नक्कल करत सुटली आणि शेवटी स्वतःच खिदळली.

श्रावणात ती तापानं गेली. चार दिवसांत. घरात तिचा एक फोटो नव्हता. मग शाळेतल्या सरांना आठवलं की तिचं बोलणं मशीनमध्ये आहे. दर शनिवारी शाळा सुटल्यावर, लाईट असली तर, आई येऊन स्टुलावर बसायची आणि सर बटण दाबायचे. धाकटी हसली की आई पदराचा बोळा तोंडात धरायची. पुढच्या शनिवारपर्यंत ती तेवढ्यावर जगत होती, हे मला दिसत होतं.

खंडेनवमीला सरांनी कॉम्प्युटरच्या पूजेची तयारी माझ्यावर सोपवली. आमच्या घरी त्या दिवशी तराजू, वजनं, अडकित्ता, सगळं चिंचेनं घासून धुतात आणि मगच पुजतात. न धुतलेल्या वस्तूची पूजा कसली? आणि यात तर माझी बहीण होती. मी तांब्यानं पेटीवर सावकाश पाणी घातलं, जाळीतून आत उतरेल असं. मग पुसून भस्माचे पट्टे ओढले.

दसऱ्यानंतर सरांनी बटण दाबलं आणि जळका वास आला. बीडहून आलेल्या मिस्त्रीनं आतलं सगळं गेलं म्हणून सांगितलं. सर लाईटच्या कमी-जास्तीला शिव्या देत राहिले. मी पाण्याचं कुणाला सांगितलं नाही. मला मरून जावंसं वाटत होतं.

मी बाईंना पत्र टाकलं, तुमच्याकडं तो आवाज असला तर पाठवा. उत्तर आलं. अभ्यास संपला की मुलांचे आवाज पुसून टाकू, कुणाच्या हाती लागू देणार नाही, असं त्यांनी पालकांना लिहून दिलं होतं. तसे ते पुसले होते. अप्पांनीही त्या कागदावर न वाचता सही केली होती. शब्द पाळणाऱ्या माणसाचा इतका राग येऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

आईला वाचता येत नव्हतं. ती पुढ्यात येऊन बसली आणि म्हणाली, "काय लिव्हलंय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आवाज हाय म्हणतेत त्यांच्यापाशी. जपून ठिवलाय."

आई उठली. कित्येक दिवसांनी तिनं आरशासमोर उभं राहून केस विंचरले. मग दुकानात जाऊन अप्पांना म्हणाली, "उद्या दुकान बंद ठिवा. पुण्याला जायचंय."

धाकटी गेली तो दिवस सोडला तर आमचं दुकान कधी बंद नव्हतं. अप्पा बरं म्हणाले आणि गिऱ्हाइकाला तसंच उभं ठेवून एसटीची वेळ विचारायला स्टँडवर गेले.