रत्नमालेचे एकाहत्तर टक्के

कानिफनाथ दरंदले नेवाशाच्या एका हायस्कुलात हेडक्लार्क होते. स्वतः मॅट्रिकला काठावर पास झाल्यामुळे मार्कांची किंमत त्यांना चांगली ठाऊक होती. १९७२ च्या उन्हाळ्यात त्यांना लंडनहून रत्नमालेचं पत्र आलं. ती याच शाळेतून मॅट्रिक होऊन चुलत्याकडे गेली होती आणि तिथली शेवटची शालेय परीक्षाही पास झाली होती. आता तिला जर्मनीत शिकायचं होतं. इंग्रजी परीक्षेच्या ए-बी श्रेणी तिथल्या विद्यापीठानं आपल्या आकड्यांत बसवल्या होत्या, पण नेवाशाचे एकाहत्तर टक्के त्यांना सामान्य वाटत होते आणि शाळेकडून टक्क्यांचा दाखला त्यांना हवा होता.

रविवारी कानिफनाथांनी शाळा उघडून जुने निकाल काढले. त्या साली अठ्ठ्याऐंशी मुलं बसली होती आणि सत्तरच्या वर एकटी रत्नमाला होती. तेवढंच त्यांनी शाळेच्या कागदावर लिहिलं.

हेडमास्तर म्हणाले, "त्यांनी फक्त टक्के विचारलेत."

"व्हय सर, पन नुसत्या टक्क्यांवरनं पोरगी कशी कळंल त्यांना?"

हेडमास्तरांनी सही केली.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. प्रवेश मिळाला होता, आणि सगळं मिळून १.८ श्रेणी लागली होती. कानिफनाथांचा चेहरा पडला. पुढं रत्नमालेनं लिहिलं होतं, "भाऊसाहेब, इथं एक म्हणजे सगळ्यांत वर, आणि चारच्या पुढं नापास."

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते सायकलवर तिच्या आईकडे गेले. आकड्यांचं काही बोलले नाहीत. "पोरगी लई हुशार हाय, असं जर्मन म्हनत्यात," एवढंच त्यांनी सांगितलं.