नदीची माती आणि कमलाअक्कांची केळ

मंडळी, आपल्या या ई-मेल गटातल्या निम्म्यांना मी सांगितलंय की अड्यार नदीकाठच्या मातीत केळीला पोटॅश घालू नका, पुराचा गाळ तो आपसूक आणतो. ते चुकलं.

शेजारच्या कमलाअक्कांना मुलीच्या लग्नात मांडवाच्या दाराशी घरचीच केळ घडासकट उभी करायची आहे. लग्न महिन्यावर आलं, आणि पानांच्या कडा करपल्यात, केळी बोटाएवढी बारीक राहिलीत. आज सकाळी माती तपासणीचा कागद आला. एकूण पोटॅश भरपूर, झाडाला मिळण्याजोगा अगदी कमी.

"म्हणजे काय, अण्णा?" अक्कांनी मला विचारलं.

"गाळाची चिकणमाती त्याला घट्ट धरून बसते. मुळांना सोडते ती थोडा थोडा."

"म्हणजे डबा भरलेला, पण झाकण निघत नाही. आणि तुम्ही तीन वर्षं सांगताय, झाड पोटभर जेवतंय!"

दुपारी आळ्यात पोटॅश घालून पाणी दिलं. हा घड आता भरेलसं वाटत नाही. अक्का म्हणाल्या, "बारीक तर बारीक, बांधणार हीच."

माझ्या शब्दाखातर तुमच्यापैकी कोणी पोटॅश थांबवलाय का? असेल तर माझा मान राखू नका, आधी माती तपासून घ्या.