डुकरांचे सुभेदार

"थांबा, बघून सांगतो."

डोक्यावरची खाकी टोपी काढून गुडघ्यावर ठेवायची, पिंजऱ्यासमोर उकिडवं बसायचं आणि हे वाक्य टाकायचं. मग पुढची वीस मिनिटं आपण ताटकळत उभं राहायचं. डुक्कर जेवलं का, एवढाच प्रश्न असला तरी तेच. तुम्हीही कधीतरी अशा माणसाबरोबर काम केलं असेल. नसेल केलं, तर सुखी आहात.

आम्ही त्यांना सुभेदार म्हणत असू. खरं तर देवळाली कॅम्पात लष्कराच्या खेचरांची निगा राखून ते साधे शिपाई म्हणूनच निवृत्त झाले होते. नाशिकच्या आमच्या मेडिकल कॉलेजच्या मागे, लिंबाच्या झाडांखाली, प्राण्यांसाठी एक पत्र्याची लांबलचक खोली होती. तिथे ते लागले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमच्या विभागप्रमुखांना दारात अडवून "साहेब, आधी हात धुवा" असं सुनावलं. सर मुकाट्याने नळावर गेले. सुभेदार ही पदवी त्यांना त्या दिवशी मिळाली.

दोन हजार सालच्या आसपासची ही गोष्ट. मी तेव्हा मूत्रविकारांची शस्त्रक्रिया शिकून नुकती कामाला लागले होते. किडनीतून लघवीची नळी जिथे सुरू होते, तो सांधा काही माणसांत जन्मापासूनच अरुंद असतो. लघवी तुंबते, किडनी फुगते आणि वेळेवर काही केलं नाही तर निकामी होते. अरुंद तुकडा कापून नळी पुन्हा जोडायची, हा त्यावरचा उपाय. त्यासाठी तेव्हा कमरेला वीतभर चिरा द्यावा लागे. मला तेच काम पोटाला तीन छोटी छिद्रं पाडून, दुर्बिणीतून करायचं होतं. सर म्हणाले, आधी डुकरांवर करून दाखव. सहा डुकरं. सहाही नळ्या उघड्या राहिल्या तरच माणसावर करायचं.

तर अशी सहा पांढरी डुकरं आली, आणि त्यांच्यामागे सुभेदार.

पहिल्याच शस्त्रक्रियेला त्यांनी घोळ घातला. आदल्या संध्याकाळपासून जनावर उपाशी ठेवा, असं मी बजावून गेले होते. सकाळी भुलीचं इंजेक्शन दिलं आणि एक नंबरच्या डुकराच्या तोंडातून भाकरी, गूळ, भोपळा असं सगळं बाहेर आलं. ते श्वासात गेलं असतं तर डुक्कर तिथेच गेलं असतं. सगळं रद्द.

"सुभेदार, काय सांगितलं होतं मी?"

"उपाशी ठेवा."

"मग?"

"मॅडम, लढाईला जायच्या आधी जवानाला पोटभर खाऊ घालतात."

मी कपाळावर हात मारला आणि दुसरी तारीख घेतली.

नोंदवहीचा तर रोजचा छळ. प्रत्येक डुकराची लघवी किती, खाणं किती, ताप किती, असे रकाने मी आखून दिले होते. सुभेदार तिथे लिहायचे, "आज नाराज." "आज बरं." "सकाळी हसली." मी समजावून थकले, ओरडून थकले. डुक्कर हसतं कसं, असं एकदा चिडून विचारलं. "बघून सांगतो," म्हणाले आणि खरोखरच बघत बसले.

सगळ्यांत जास्त लाड सहा नंबरचे. ती लहानखुरी डुकरीण होती, कानावर तपकिरी ठिपका. सुभेदार मूळचे नामपूरचे. आमच्याशी साधं बोलायचे, पण तिच्याशी मात्र अहिराणीत. "काय व माय, का बरं रुसनी?" असं चालायचं. ती पिंजऱ्याच्या गजातून नाक बाहेर काढायची आणि हे गुडघ्यावरची टोपी तिला हुंगायला द्यायचे. मी घड्याळाकडे बघत उभी.

त्याच सुमारास ओपीडीत एक बाई यायला लागल्या. मखमलाबादकडे त्यांचा झेंडूचा मळा होता. पहाटे फुलं खुडायची आणि पाट्या उचलून बाजारात जाऊन बसायचं, असं त्यांचं काम. डावी किडनी फुगलेली, तोच सांधा. चिऱ्याचं नाव काढताच त्यांनी माझा हात धरला.

"डॉक्टर, कमरेला कापू नका. मला पाटी उचलता आली नाय तर घरचं सगळं बसंल."

मी त्यांना दुर्बिणीबद्दल सांगितलं. थोडं थांबा, म्हटलं. पाच डुकरं छान बरी झाली होती. सहाव्या नंबरची शस्त्रक्रिया होऊन सहा आठवडे होत आले होते. सोनोग्राफीत तिची किडनी जराशी फुगलेली दिसत होती. पण शस्त्रक्रियेनंतर सूज येतेच, ती उतरायला वेळ लागतो, असं मी धरून चालले. सरांनीही मान डोलावली. फुलवाल्या बाईंना पुढच्या सोमवारची तारीख दिली.

शुक्रवारी सुभेदार माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. टोपी हातात होती.

"सहा नंबर ठीक नाय."

"रिपोर्ट ठीक आहे, सुभेदार."

"डाव्या कुशीवर निजत नाय. पाणी पिली की पाठ वर करून उभी ऱ्हाते. तिला दुखतंय."

माझा पारा चढला. सोमवार तोंडावर आलेला, बाईंची तयारी झालेली, आणि हा माणूस मला डुकराची कूस सांगत होता. शिवाय नियम त्यांनाही पाठ होता. ठीक असलेली जनावरं आणखी तीन महिने सांभाळायची. जिच्यात दोष वाटेल तिला लगेच कायमचं झोपवायचं आणि उघडून बघायचं. मी जरा लागेल असंच बोलले.

"तुम्हाला नियम माहीत आहे ना? तुम्ही हे म्हणालात की तिचं काय होणार ते?"

"माहीत हाय," ते म्हणाले. टोपीच्या शिवणीवरून बोट फिरवलं. "म्हणून तर चार दिवस बोललो नाय."

मी सहा नंबरचा रिपोर्ट पुन्हा उघडला. राग कुठे गेला ते कळलं नाही, पण त्याच्या जागी जे आलं ते सहन होण्यासारखं नव्हतं.

शनिवारी सकाळी सहा नंबरला टेबलावर घेतलं. सुभेदारांनी तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं आणि अहिराणीत हळूहळू काहीतरी सांगत होते. मी इंजेक्शन दिलं. ती शांत झाल्यावरही त्यांचं बोलणं थोडा वेळ चालूच होतं.

नळी उघडली. समोरची बाजू सुबक जोडलेली होती. मागच्या बाजूला मात्र माझ्या एका टाक्याने समोरची आणि मागची, दोन्ही भिंती एकत्र पकडल्या होत्या. जेमतेम सुतळी जाईल एवढी वाट उरली होती. आणखी दोन-तीन महिन्यांत तीही बुजली असती, आणि सोमवारी मी हाच हात घेऊन त्या बाईंच्या पोटात शिरणार होते.

"दाखवा," सुभेदार म्हणाले. चष्मा लावून वाकले. मी चिमट्याने दाखवलं.

"एकच टाका?"

"एकच."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग आता बाईला नीट शिवा," एवढंच बोलले आणि नळावर जाऊन हात धूत राहिले.

सोमवारची तारीख रद्द झाली. सर जे बोलले ते इथे लिहीत नाही. पुढचे दोन महिने मी कोंबडीच्या कातडीच्या नळ्या करून, बंद पेटीत दुर्बीण सोडून, रोज त्या शिवत होते. आधी मागची भिंत शिवायची, मग आतून बारीक नळी सरकवून वाट मोकळी आहे का ते बघायचं आणि मगच समोरची बाजू मिटवायची, अशी सवय हाताला लावली. मग सरांच्या परवानगीने बाईंना बोलावलं. तीन छिद्रं, पाच तास. चौथ्या दिवशी त्या चालत घरी गेल्या.

त्यानंतर तीन महिन्यांनी तपासणी झाली. तो दिवस मला पक्का आठवतो, कारण ओपीडीत पाय ठेवायला जागा नव्हती, पंखा बंद होता आणि मी सकाळपासून सगळ्यांवर खेकसत होते. दारात सुभेदार दिसले. धुतलेले कपडे, खांद्याला पिशवी. प्राणिगृहाचं काम संपल्यावर त्यांची नोकरीही संपली होती, हे मला कुणीतरी सांगितलं होतं आणि मी विसरले होते.

"मॅडम, एक विचारायचं व्हतं."

"आत्ता नाही, सुभेदार. बघताय ना गर्दी? नंतर या."

ते बाजूला झाले. गर्दी दुपारी सरली. बाहेर येऊन बघते तर बाक रिकामा. शिपाई म्हणाला, तासभर बसले होते, नामपूरच्या गाडीची वेळ झाली म्हणून गेले.

"काय विचारायचं होतं?"

"त्या फुलवाल्या बाईंचं काय झालं म्हणून विचारत व्हते. मी म्हटलं, मला काय माहीत."

बाईंचा रिपोर्ट त्या वेळी माझ्या टेबलावर, माझ्या कोपराखाली होता. नळी मोकळी, किडनी व्यवस्थित. दोन दिवसांनी पत्र टाकते, असं मी ठरवलं. मग पुढच्या आठवड्यात. मग दिवाळीनंतर.

पुढच्या उन्हाळ्यात नामपूरचा एक पेशंट आला. मी सुभेदारांची चौकशी केली. ते माघातच गेले, असं त्याने सांगितलं. बाई बरी आहे, एवढेच तीन शब्द त्यांना सांगायचे होते.